दोनशेची पाटी

‘कार्डसाठी किमान खरेदी २०० रु.’ ही पाटी माझ्या काउंटरवर पाच वर्षं होती. यंदा मार्चमध्ये काढली.

साताऱ्यात राजवाड्याजवळ माझं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान आहे. दहावीचा भूमितीचा पेपर होता. दहाच्या सुमारास एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. कंपासपेटी, पेन्सिल, खोडरबर, नव्वद रुपये झाले. मोबाइल बंद पडलेला. त्यांनी पाकिटातून कार्ड काढलं, पाटी वाचली आणि कार्ड परत आत घातलं. मी हॉलतिकिटांच्या झेरॉक्स काढत होते. वळून बघते तर कंपासपेटी काउंटरवर तशीच, झाकण उघडं, आणि दोघं रस्त्यापलीकडे. हाक मारली, पण गर्दीत ऐकू गेली नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. पण माझ्याआधी पाटीनं सांगून टाकलं होतं.

त्या रात्री कार्ड मशीनचा महिन्याचा हिशोब घेऊन बसले. क्रेडिट कार्डावर बँक माझ्याकडून शेकडा १.८ रुपये कापते. नव्वदवर एक रुपया बासष्ट पैसे. दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारात बँकेच्या या कापणीवर जीएसटीही लागत नाही. त्या खरेदीत मला अठरा रुपये सुटले असते.

टक्का लहान बिलाला आणि मोठ्या बिलाला सारखाच. मग दोनशेची रेघ आली कुठून? शेजारच्या दुकानात होती म्हणून मीही लावली, दुसरं कारण सापडेना. मशीनचं भाडं महिन्याला ३५० रुपये आहे खरं, पण कार्ड घासलं काय, न घासलं काय, ते जातंच. बिलं जास्त झाली तर उलट ते हलकं पडतं.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तिकडच्या छोट्या दुकानांत दहा डॉलरच्या पाट्या असतात. तिथे बऱ्याचदा टक्क्याशिवाय दर व्यवहारामागे ठरावीक सेंटही कापले जातात, त्यामुळे एका कॉफीचं बिल दुकानदाराला खरंच जड जातं. २०१० च्या कायद्यानं त्यांना १० डॉलरपर्यंत किमान खरेदीची अट घालायची मुभा दिली, तीही फक्त क्रेडिट कार्डासाठी. डेबिटला नाही.

माझी पाटी मात्र नुसतं ‘कार्ड’ म्हणत होती. रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून काहीच कापलं जात नाही, यूपीआयसारखंच. म्हणजे ज्या कार्डापायी माझा एक पैसाही जात नाही, तेसुद्धा मी परत पाठवत होते. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

मोबाइल रिचार्ज मी अजूनही रोख किंवा यूपीआयवरच घेते. त्यात सुटतं ते बहुतेक सगळं क्रेडिट कार्डाच्या टक्क्यात जाईल, आणि हे मी गिऱ्हाइकाला तोंडानं सांगते. दुधाच्या पिशव्या विकणाऱ्यांची अडचणही अशीच आहे, ती मला कळते. पण एमआरपीवर वर दोन टक्के लावणं पटत नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं कायद्यातही बसत नाही.

पाटीखाली चिकटपट्टीचे चार डाग निघाले, रॉकेलच्या बोळ्यानं पुसले. परवा एका मुलानं चोवीस रुपयांच्या दोन पेनांसाठी क्रेडिट कार्ड पुढे केलं. त्रेचाळीस पैसे गेले.

ते गृहस्थ पुढच्या पेपरच्या दिवशी येतील म्हणून सकाळभर रस्त्याकडे लक्ष ठेवून होते. आले नाहीत.