काठीवाले सर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा बाईंचा फोन आला आणि मला फक्त काठीवाले सर आठवले. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. नव्या मुलांसाठी सांगतो, ती काठी कुणाच्या पाठीवर कधी पडली नाही. ती मैदानात रोवायची होती.

पुस्तकात सूर्य बाराला माथ्यावर. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सरांनी आम्हाला काठीच्या सावलीच्या टोकाशी दर पाच मिनिटांनी खडा ठेवायला बसवलं. बारा वाजले, साडेबारा झाले, सावली आपली आखडतेच आहे. पोटात कावळे, कोपऱ्यावरून वड्यांचा वास. पावणेएक उलटून गेल्यावर कुठे ती लांबायला लागली.

"सर, शाळेचं घड्याळ पुढे आहे!"

"सगळ्या मुंबईचंच आहे," सर खुशीत म्हणाले. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण जेमतेम ७२.८ वर. अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३९ मिनिटं तिथेच गेली. वरची दहा-पंधरा फेब्रुवारीत सूर्यच रेंगाळतो म्हणून. १९५५ पर्यंत मुंबईची स्वतःची वेळ होती, हेही तेव्हाच कळलं. "पेपरात बारा लिहा, वहीत खरं लिहा," असं सांगणारे सर पुन्हा भेटले नाहीत.

सरांची पंचाईत आता कळते. शाळा दिवसा, तारे रात्री. सूर्य मुंबईत खरोखर डोक्यावर येतो तो मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीस. एकदा सुट्टी, एकदा पाऊस. ध्रुवतारा आपल्या अक्षांशाइतकाच वर, म्हणजे क्षितिजापासून अवघा १९ अंशांवर, लालबागेत तो कुठल्यातरी चाळीमागेच. म्हणून सर कर्जत लोकलने वांगणीला न्यायचे. पालकसभेत विचारणा, "या धड्याला मार्क किती?" मुलींना तर परवानगीच नाही. मग सरांनी त्यांच्या आयांनाही बोलावलं. शनीची कडी दिसल्यावर दुर्बिणीपुढून त्याच हलेनात!

मी आता बदलापूर-पनवेलकडे गच्च्यांवर सोलर पॅनेल बसवतो. पोरांना पॅनेलचा कल अक्षांशाइतका, १९ अंशांच्या आसपास ठेवायला सांगताना ध्रुवतारा आठवतोच.

परवा शाळेत डोकावलो. मैदानात पेव्हर ब्लॉक, आकाशदर्शन डिजिटल बोर्डावर. दक्षिणेला गिरणीच्या जागेवर टॉवर. थंडीत भरदुपारी अर्ध्या मैदानावर त्याचीच सावली. हे काही मला रुचलं नाही. बाईंना म्हटलं, गच्ची अजून मोकळी आहे, काठीसाठी लोखंडी स्टँड मी करून पाठवतो. त्यांनी लगेच हो म्हटलं. गच्चीची किल्ली तेवढी शिपाईमामा शोधताहेत.