तुम्ही विचारलंत म्हणून: पोर्ट एलन एवढी महाग का?

व्हिस्कीचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: जी डिस्टिलरी 1983 मध्ये बंद पडली, तिच्या एका बाटलीसाठी लोक लाखो रुपये का मोजतात, आणि ती खरोखर तेवढी चांगली असते का?

स्कॉटलंडच्या आयला बेटावरील पोर्ट एलन 1825 मध्ये सुरू झाली. पण चालू असताना तिचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते, कारण तिची बहुतेक व्हिस्की ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक डिस्टिलरींच्या व्हिस्कींच्या मिश्रणात, मिसळण्यासाठीच गाळली जात असे. 1980 च्या सुमारास मागणी घसरून गोदामे न खपलेल्या पिपांनी भरली, तेव्हा त्याच बेटावर लागावुलिन आणि कुल ईला या आणखी दोन डिस्टिलरी हाताशी असलेल्या मालक कंपनीने तिला कुलूप लावले.

मागे राहिलेली पिपे पुढे इतकी वर्षे मुरतील, असे ती भरताना कोणाच्या मनातही नसावे. ब्लेंडच्या मालाला नवे, दमदार लाकूड सहसा दिले जात नसे, त्यामुळे त्यांतली अनेक पिपे आधी वापरून सत्त्व ओसरलेली होती, आणि माझ्या मते या चवीचे मर्म तिथेच आहे. ताज्या ओकमध्ये तीस वर्षे राहिलेली व्हिस्की पुष्कळदा लाकडाच्या तुरटपणाखाली दबून जाते. इथे मात्र पीटचा (दलदलीतल्या जळाऊ मातीचा) धूर, लिंबाची साल आणि खारेपणा शाबूत राहिला, वयाने फक्त त्यांची धार मऊ केली. बेटाच्या थंड, दमट हवेत वर्षाला साधारण दोन टक्केच व्हिस्की उडून जाते. गोव्याच्या उकाड्यात एवढ्या वर्षांनी पिपात फारसे काही उरले नसते.

2001 मध्ये मालक कंपनीने 1979 साली गाळलेली, 22 वर्षांची व्हिस्की विक्रीस काढली आणि पुढे दरवर्षी एकेक आवृत्ती येत गेली. 2017 ची सतरावी आवृत्ती 37 वर्षांची होती. साठा आटत गेला तशी किंमत चढली. चव खरोखर असामान्य आहे, हे मी मनापासून सांगतो. परंतु आजच्या किमतीतला मोठा वाटा टंचाईचा आहे, आणि केवळ पुढे विकण्यासाठी या बाटल्या बंद कपाटात ठेवल्या जातात याचे मला वाईट वाटते.

मार्च 2024 मध्ये डिस्टिलरी पुन्हा सुरू झाली असून तिथे व्हिस्की गाळण्याच्या जुन्या पात्रांच्या हुबेहूब नकला बसवल्या आहेत. मला त्या नव्या मालाची उत्सुकता आहे, मात्र तो कोणत्या पिपांत मुरवला जातो याकडे माझे अधिक लक्ष राहील.