थकीत कराचा पहिला हप्ता

मंगळवार, रात्री साडेदहा.

आज थकीत कराचा पहिला हप्ता भरला. पावती छापून घेतली आणि ज्या खणात करखात्याची पाकिटे 14 महिने न फोडता पडून होती, त्याच खणात ती सर्वांत वर ठेवली.

ज्या वर्षाच्या उत्पन्नावरचा हा कर आहे, ते वर्ष आम्हाला चांगले गेले होते. माझा व्यवसाय स्वतंत्र असल्यामुळे पगारातून कापला जातो तसा कर परस्पर कापला जात नाही. वर्षभरात आपणच अंदाज बांधून आगाऊ भरणा करायचा असतो. मी तो केला नाही, वर्ष संपल्यावर एकदम भरू म्हणून रक्कम बचत खात्यात ठेवली. पुढे यांचे आजारपण आले, माझे काम निम्म्यावर आले, आणि खात्यात होते नव्हते ते रुग्णालयात गेले. त्या वेळी दुसरे काही करता आले असते, असे मला आजही वाटत नाही. कर लागतो मागच्या वर्षाच्या कमाईवर आणि भरावा लागतो या वर्षाच्या पैशातून. मध्ये घर खचले, तरी मागचा आकडा तसूभरही हलत नाही.

चूक झाली ती त्यानंतर. भरायला पैसे नाहीत, म्हणून मी वर्षाच्या उत्पन्नाचा हिशेब करखात्याला कळवणारे विवरणपत्रही दिले नाही. गेल्या महिन्यात कागद घेऊन करसल्लागारांकडे गेले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. मी म्हटले, ‘‘पैसेच नव्हते, तर काय भरणार?’’ त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘‘विवरणपत्र देणे वेगळे आणि पैसे भरणे वेगळे. ते वेळेत दिले असतेत, तर उशिराचा दंड तरी लागला नसता.’’ व्याज लागलेच असते, पण या दंडाला परिस्थिती नव्हे, माझी भीती कारणीभूत होती. हे मला फार लागले.

व्याजाचा तक्ता त्यांनी माझ्यासमोर मांडला. महिन्याचा एक दिवस उलटला, तरी व्याज पूर्ण महिन्याचे धरले होते. म्हणून हप्त्यासाठी पुढच्या महिन्याच्या आरंभीची तारीख न मागता मी 28 तारीख मागितली. क्रेडिट कार्डावर उचल करून सगळे एकदम मिटवावे, असेही मनात आले होते. दोन्ही व्याजदर शेजारीशेजारी लिहून पाहिले, तेव्हा कार्डाचा दर कितीतरी जास्त निघाला आणि तो विचार सोडला.

थकबाकी हप्त्यांनी भरण्याची सवलत मागणाऱ्या अर्जाचा पहिला मसुदा दोन पानांचा झाला होता, कारण त्यात मी सगळे दुःख लिहिले होते. सल्लागारांनी तो अर्ध्या पानावर आणला: थकबाकी किती, उत्पन्न कधीपासून घटले, दरमहा किती भरू शकते. सोबत रुग्णालयाची बिले आणि बँकेचे उतारे जोडले. मला झेपेल असा आकडा त्यांनी दोनदा विचारला, कारण एक हप्ता चुकला तर सवलत रद्द होऊन सगळी रक्कम एकदम मागितली जाऊ शकते. शेवटी मी सुचवलेल्या आकड्यापेक्षा कमी आकडा लिहिला.

यांना पावती दाखवली. त्यांनी ती बराच वेळ हातात धरली; आपल्या औषधांमुळे हे झाले, असे त्यांच्या मनात आहे, आणि तसे नाही हे मी त्यांना पुन्हा सांगितले. आजपासून आलेल्या प्रत्येक रकमेतला कराचा भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात जाईल. पुढच्या हप्त्याची 28 तारीख वहीत लिहिली आहे, आणि खणात आता एकही न फोडलेले पाकीट नाही.