विशेषणांची वही, अपडेट: सिलॅबल संपले, आता जोर देणारे शब्द

मंडळी, इंग्रजी विशेषणांची तुलना कशी होते ते टिपायची माझी विशेषणांची वही बऱ्यापैकी भरत आलीये म्हणून अपडेट टाकतेय. सिलॅबल (शब्दातले उच्चाराचे तुकडे, हॅ-पी म्हणजे दोन) मोजायचं काम एकदाचं उरकलं, पण खरं सांगू का, त्यात फारशी मजा नव्हती. एका सिलॅबलला अर-एस्ट (टॉल, टॉलर, टॉलेस्ट), तीन किंवा जास्त असले की मोअर-मोस्ट, मधल्या दोनवाल्यांपैकी हॅपी, नॅरो, जेंटल, क्लेव्हर छापाचे शब्द अर कडे झुकतात आणि कॉमन, पोलाइट वगैरे दोन्हीकडे चालतात, हे आपल्या सगळ्यांना झोपेतही येतं. जमवण्यासारखे आहेत ते अपवाद. 'राँग', 'रिअल', 'बोअर्ड' हे छोटे असून मोअर घेतात, आणि 'अनहॅपी' तीन सिलॅबलचा असून बिनधास्त 'अनहॅपिअर' होतो. आता हा अनहॅपिअर नीट बघा. अर्थ आहे 'जास्त दुःखी', म्हणजे अर अख्ख्या अनहॅपीला लागलाय, पण उच्चाराच्या हिशोबाने तो फक्त हॅपीला लागू शकतो कारण तीन सिलॅबलला अर चालतच नाही. मग लागलाय नक्की कोणाला? भाषाशास्त्रवाल्यांनी यावर भरपूर डोकं खाजवलंय, माझ्या वहीत त्याला अख्खं पान दिलंय आणि ते अजून अर्धं रिकामंच आहे.

आणखी एक, जे व्याकरणाच्या पुस्तकात कुठेतरी कोपऱ्यात असतं. एकाच माणसाचे दोन गुण एकमेकांशी ताडून बघायचे असतील तर सिलॅबलचा नियमच बंद पडतो. 'ही इज मोअर लेझी दॅन स्टुपिड' असंच म्हणायचं, तिथे 'लेझिअर' नाही चालत. कारण इथे कोण जास्त आळशी हा प्रश्नच नाहीये, त्याला आळशी म्हणणं जास्त बरोबर की मठ्ठ म्हणणं, एवढाच मुद्दा आहे.

आता खरं काम. वहीत प्रत्येक विशेषणापुढे नवा रकाना आखलाय, 'कोण चिकटतं' असा, म्हणजे जोर द्यायला कुठला शब्द लागतो, आणि माझं मत असं झालंय की तुलना शिकताना सिलॅबलपेक्षा हा रकाना जास्त शिकवतो. 'व्हेरी टॉल' चालतं, 'व्हेरी टॉलर' अजिबात नाही, तिथे मच, फार, अ लॉट, अ बिट, स्लाइटली, ईव्हन ही मंडळी लागतात. (इंग्रजीतला 'फार' आणि आपला 'फार' सारखे ऐकू येतात ते लक्षात ठेवायला बरं वाटतं पण धोका पण तिथेच आहे, आपण 'फार उंच' म्हणतो आणि इंग्रजीत 'फार टॉल' होत नाही, 'फार टॉलर'च होतं.) सुपरलेटिव्हचा, म्हणजे 'सगळ्यात' वाल्या रूपाचा, घोळका परत वेगळा: 'बाय फार द टॉलेस्ट', 'ईझिली द बेस्ट'. आणि इथे गंमत म्हणजे मधल्या, टॉलर वाल्या पायरीवर हाकललेला व्हेरी परत येतो, 'द व्हेरी बेस्ट', 'द व्हेरी लेटेस्ट', पण तेही शब्द एकसंध असेल तरच, 'द व्हेरी मोस्ट इंटरेस्टिंग' कोणी म्हणत नाही.

मोस्ट वरून आठवलं, 'अ मोस्ट इंटरेस्टिंग स्टोरी' यात तुलना शून्य आहे. द च्या जागी अ आला की मोस्ट म्हणजे नुसता 'अतिशय'. जरा जुन्या वळणाचं, औपचारिक वाटतं, पण चूक नाही.

मग मी साध्या, तुलना न केलेल्या विशेषणांना तोच रकाना लावला आणि त्यांचे सरळ दोन गट पडले. कोल्ड, टायर्ड, बिग हे पट्टीवर कमीजास्त सरकतात, त्यांना व्हेरी चालतो. फ्रीझिंग, एक्झॉस्टेड, ह्यूज हे पट्टीच्या टोकालाच बसलेत, त्यांना व्हेरी लावून आणखी कुठे ढकलणार, म्हणून तिथे 'अ‍ॅब्सोल्यूटली फ्रीझिंग'. उलट 'अ‍ॅब्सोल्यूटली कोल्ड' कानाला खटकतं. 'रिअली' मात्र दोन्हीकडे खपतो, शंका आली तर तोच वापरा. सगळ्यात बेरकी शब्द 'क्वाइट'. ब्रिटिश इंग्रजीत 'क्वाइट गुड' म्हणजे ठीकठाक, बरं, आणि 'क्वाइट ब्रिलियंट' म्हणजे पूर्णपणे अफलातून, शब्द तोच पण पुढचं विशेषण पट्टीवरचं की टोकाचं यावर त्याचा अर्थ पलटतो. अमेरिकन माणूस 'क्वाइट गुड' म्हणाला तर साधारण 'चांगलंच' असं समजायचं. म्हणजे समोरचा कुठला आहे ते कळेपर्यंत खूश व्हायचं नाही.

टोकाच्या विशेषणांची तुलना करू नये असा एक कडक पंथ आहे, परफेक्ट म्हणजे परफेक्ट, त्यात 'मोअर' कुठून आला वगैरे. त्यांना माझं उत्तर ठरलेलंय, अमेरिकेच्या १७८७ च्या संविधानाची प्रस्तावनाच 'अ मोअर परफेक्ट युनियन' म्हणते. तिथे अर्थ 'परिपूर्णतेच्या आणखी जवळ' असा आहे आणि तो कोणालाही कळतो. 'व्हेरी युनिक' मात्र मी स्वतः लिहिणार नाही, पण दुसऱ्याने लिहिलं तर आता भांडतही नाही.

जुन्या रूपांकडे जरा जास्तच वाहवत गेले हे कबूल, पण काय करू, माल भारी आहे. एस्ट हा प्रत्यय आपल्या 'ज्येष्ठ', 'श्रेष्ठ', 'कनिष्ठ' मधल्या इष्ठ चा सख्खा चुलतभाऊ आहे, दोन्ही एकाच जुन्या मुळातून आलेत. अर चं नातं संस्कृतच्या ईयस् शी, 'स्वर्गादपि गरीयसी' मधलं गरीयसी म्हणजे चक्क कम्पॅरेटिव्ह (दोघांतल्या तुलनेचं, अर वालं रूप) आहे आणि स्वर्गात् ही पंचमी तिथे 'दॅन' चं काम करतेय. लॅटिनमधला इओर पण त्याच घराण्यातला, म्हणून सीनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर हे आधीच तुलना करून आलेले शब्द आहेत, त्यांना मोअर नको आणि त्यांच्यामागे दॅन नाही, टू येतो. 'एल्डर' चा स्वभाव अजून वेगळा. जुन्या इंग्रजीत अर लागताना आतला स्वर बदलायचा, तसा बदललेला हा एक उरलाय, ओल्डर नंतर सरळ ओल्ड वरून पाडलेलं रूप. म्हणून 'माय एल्डर ब्रदर' ठीक, पण 'ही इज एल्डर दॅन मी' नाही, तिथे ओल्डरच.

आणि 'निअर'! हा मुळात 'नाय' (nigh, म्हणजे जवळ) या शब्दाचा कम्पॅरेटिव्ह, आणि 'नेक्स्ट' हा त्याचाच सुपरलेटिव्ह. लोक विसरले की निअर मध्ये तुलना झालेलीच आहे, म्हणून त्याला परत अर लावून निअरर केला. लेसर (lesser) पण तसाच, लेस (less, म्हणजे कमी) वर आणखी एक अर. इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या डिक्शनरीत लेसरला चांगलीच नावं ठेवली होती, लेसर काही गेला नाही. आपण तरी कुठे वेगळे, श्रेष्ठ मध्ये 'सगळ्यात' आहेच तरी सर्वश्रेष्ठ म्हणतो, आणि शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात 'श्रेष्ठतमाय कर्मणे' आहे, इष्ठ वर तम! डबल सुपरलेटिव्हला हसणाऱ्यांनी हे जपून ठेवावं.

उच्चाराची एक नोंद, बोलून बघा. 'सिंगर' मध्ये ग ऐकू येत नाही, तो सिङर आहे. पण 'लाँग' चा 'लाँगर' झाला की ग येतो, लॉङ्गर. स्ट्राँग आणि यंग चं पण तेच. एकट्या लाँग मध्ये ग नाही, अर लागला की हजर, तोही फक्त तुलनेचा अर असेल तेव्हा. आपल्याकडे ङ हे अक्षर आहे म्हणून हे लिहून तरी दाखवता येतं.

'द मोअर द मेरिअर' वाल्या द बद्दल पण लिहून ठेवलंय. हा नेहमीचा द नाही, जुन्या तृतीयेसारख्या विभक्तीचा अवशेष आहे, 'तेवढ्याने' अशा अर्थाचा, म्हणून तो आपल्या जितकं-तितकं सारखा जोडीने येतो.

सध्या अडकलेय ती पटीवर. दहा फुटांच्या दोरीपेक्षा एखादी 'थ्री टाइम्स लाँगर' असेल तर ती तीस फूट की चाळीस? बहुतेक लोक तीस समजतात, शब्दाला शब्द लावणारे मूळ दहा धरून चाळीस म्हणतात. 'थ्री टाइम्स अ‍ॅज लाँग' लिहिलं तर तीस, वादच नाही, त्यामुळे आकडे असतील तिथे मी अ‍ॅज-अ‍ॅज वर आलेय. तुमच्यापैकी कोणी चाळीसवाले असाल तर 'टेन टाइम्स स्मॉलर' चं काय करता ते सांगा, कारण दहा पट वजा केलं तर दोरी शून्याच्याही खाली जाते.