भरती उतरल्यावर

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. प्रतिपदेला पाऊण वाजता, चतुर्थीला तीन वाजता. हा हिशेब मला माझ्या वर्गातल्या वसईच्या एका मुलीनं सांगितला. तिच्या आजोबांची होडी होती. त्या दिवशी माघ वद्य प्रतिपदा होती, २५ फेब्रुवारी २०२४, रविवार. म्हणजे पाऊण वाजता भरती, आणि पौर्णिमा आदल्याच दिवशी झालेली असल्यामुळे चांगलं उधाणाचं पाणी. दुसऱ्या वर्षाची चौदा मुलं घेऊन मी घारापुरीला निघाले होते. लाँचमध्ये चढता-उतरताना कोणाचा पाय घसरू नये, एवढ्यापुरताच मी तो हिशेब मनात ठेवला होता.

मी मुंबईतल्या एका कला महाविद्यालयात फोटोग्राफी शिकवते. त्या सत्राचा प्रकल्प होता ‘बेट आणि माणूस’. माणसाच्या वावरानं बेटाचा भूभाग कसा बदलतो, हे प्रत्येकानं सहा फोटोंत आणि सहा ओळींत मांडायचं. घारापुरी निवडायला कारणं होती. गेटवेपासून लाँचनं तासाभराचं अंतर, रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यातलं गाव, सहाव्या शतकातली लेणी, १९८७ पासून जागतिक वारसास्थळ आणि शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशा तीन वस्त्यांमध्ये राहणारी माणसं. रविवार मी मुद्दाम धरला होता. गर्दी दिसावी म्हणून.

सकाळी नऊच्या लाँचनं निघालो. नौदलाच्या गोदीच्या बाजूला कॅमेरे खाली, हे आधीच बजावलेलं होतं. त्यानंतर मात्र मुलांचे हात थांबेनात. वाटेत जवाहर द्वीप लागतं, जुने लोक त्याला बुचर आयलंड म्हणतात. तेलाच्या टाक्या, टँकर लागायचे धक्के. त्या बेटाचा मूळ आकार कसा असेल, हे आता पाहून कळत नाही. एका मुलानं विचारलं, “मॅडम, आपण राहतो ती मुंबईपण बेटंच होती ना? मग प्रकल्प घरूनही करता आला असता.” तो बरोबर बोलत होता. सात बेटांमधल्या खाड्या बुजवून हे शहर उभं राहिलं, आणि शहराच्या पोटात ती बेटं इतकी विरघळली की परळ किंवा माझगाव म्हणताना पाणी आठवतच नाही. मी त्याला म्हटलं, “ते पुढच्या सत्रात करू.” उत्तर देताना आपण एक चांगला विषय हातातून सोडतोय, हे मला जाणवत होतं.

दहा-सव्वादहाला धक्क्यावर उतरलो. पाणी चढत होतं. धक्क्यावरची छोटी आगगाडी, कणसं, चिंचा, कापलेल्या कैऱ्या, मग लेण्यांकडे चढत जाणाऱ्या पायऱ्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं. वर निळी ताडपत्री ओढलेली. तिच्यातून झिरपणारा उजेडही निळा, त्यामुळे खालचा प्रत्येक चेहरा फोटोत आजारी दिसतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातला रंगांचा तोल, हातानं लावा, असं मी दोनदा सांगितलं. निम्म्यांनी ऐकलं.

साडेअकराला पायऱ्यांच्या एका वळणावर बसून सगळ्यांच्या कॅमेऱ्यांमधलं पाहिलं. चौदा जणांचे दोनेकशे फोटो, आणि विषय मोजून चार. माकडाच्या हातातलं वेफर्सचं पाकीट. पायरीवर पडलेली पाण्याची बाटली. दुकानांची दाटी. सेल्फी काढणारे लोक. फोटो वाईट नव्हते, काहींचा फोकस तर अचूक होता. पण ते सगळे घरून ठरवून आणलेले होते. आणि ते तसे निघाले याला मी दिलेली ओळच जबाबदार होती. ‘माणसाचा परिणाम’ म्हटल्यावर मुलांनी कचरा शोधला. मी त्यांना आरोपपत्र लिहायला पाठवलं होतं.

एका मुलानं टेली लेन्सनं दुकानांची रांग दाबून घेतली होती. मधलं अंतर नाहीसं होऊन ती एकावर एक चढल्यासारखी दिसत होती. वहीत त्यानं खाली लिहायचा शब्दही ठरवला होता, ‘अतिक्रमण’.

आम्ही ज्या दुकानाशेजारी बसलो होतो तिथल्या बाई मघापासून ऐकत होत्या. पन्नाशीच्या असतील. शंखांच्या माळा लावता लावता त्यांनी मुलाला विचारलं, “बघू तरी कसा आलाय.” त्यानं कॅमेरा पुढे केला. त्यांनी बराच वेळ पाहिलं. “ह्याच्याखाली काय लिहिणार?” मुलगा गप्प. मीही गप्प. वही त्याच्या मांडीवर उघडीच होती आणि बाईंना वाचता येत होतं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, “माझे सासरे मासे मारायचे. मासळी कमी झाली, म्हणून आम्ही पायरीवर आलो. तू कुठून आलास रे बाळा?” त्यानं चेंबूर सांगितलं. “मग तुझ्या घरी लाइट पहिल्यापासून असेल.” एवढं बोलून त्यांनी दुकानामागच्या फळीवरचा विजेचा मीटर दाखवला. “फोटो काढायचा तर ह्याचा काढ.”

घारापुरीला वीज आली फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर चालायचा, तेवढाच उजेड. समोर मुंबईचे दिवे रात्रभर जळत असायचे आणि इथे कंदील. हे मला माहीत होतं, मुलांना मी वर्गात सांगितलंही होतं. पण बेटावर माणसानं काय केलं, या प्रश्नाच्या उत्तरात तो मीटर येतो, हे माझ्या टिपणात कुठेच नव्हतं.

मुलानं मीटरचा फोटो काढला. गुडघ्यावर बसून, वाइड लेन्सनं, काचेत निळ्या ताडपत्रीचं प्रतिबिंब घेऊन. मीटरवर कोणीतरी हळद-कुंकू लावलेलं होतं. ते सुकून पापुद्रे सुटले होते.

“आणि कचऱ्याचाच काढायचा असेल,” बाई मला म्हणाल्या, “तर इथला नका काढू मॅडम. इथला आम्ही रोज सकाळी झाडतो. भरती उतरली की मोराबंदरच्या अंगाला जा. तिथला कोण झाडणार?”

मधल्या वेळात लेणी पाहिली. पुरातत्त्व खात्याच्या जागेत परवानगीशिवाय ट्रायपॉड चालत नाही, तेव्हा खांबाला टेकून, श्वास रोखून, सेकंदाच्या पंधराव्या भागाचं शटर धरून मुलं सदाशिवाच्या त्या तीन मुखांसमोर उभी होती. मूर्ती वीसेक फूट उंचीची, उजेड बाजूनं येणारा. तिथे एका मुलीनं हळूच विचारलं, “मॅडम, लेणं धरायचं का? माणसाच्या परिणामात?”

मी चमकले. ह्या बेटावर माणसानं केलेलं सगळ्यात मोठं काम तेच तर आहे. उभा डोंगर आतून कोरून काढला. मग पोर्तुगीज आले, त्यांनी इथला शिलालेख काढून नेला, तो पुढे हरवला. किनाऱ्याजवळच्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. तो हत्ती इंग्रजांनी १८६४ मध्ये हलवायला घेतला आणि त्याचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते तुकडे जोडून उभा केलेला हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. बेटाचं इंग्रजी नाव ज्याच्यावरून पडलं, तोच बेटावर नाही. मी तिला म्हटलं, “धर. पण का धरलंस ते ओळीत लिही.” तिनं मूर्ती सोडली आणि एका कोपऱ्यातल्या भिंतीवरचे छिन्नीचे घाव तिरप्या उजेडात घेतले. बोटभर लांबीचे, एका दिशेनं ओढलेले. त्या दिवसाच्या फोटोंमधला तो मला आजही सगळ्यात आवडतो.

अडीच वाजता पायवाटेनं मोराबंदरकडे निघालो. पाणी उतरायला लागलेलं होतं. दुपारी भरतीत हाच किनारा हिरवागार आणि स्वच्छ दिसला असता. तिवरांचे, म्हणजे खारफुटीच्या झाडांचे शेंडे आणि त्यांना टेकलेलं पाणी, कॅलेंडरवर शोभेल असं. उत्तरेकडे महिन्याभरापूर्वीच, १२ जानेवारीला सुरू झालेला अटल सेतू दिसत होता. जवळपास बावीस किलोमीटर लांब, त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. पूर्वेला न्हावा-शेव्याच्या बंदरावरच्या क्रेन. ते बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, आणि मोठी जहाजं आत यावीत म्हणून तिथे येणारा जलमार्ग वेळोवेळी खोल केला जातो. मासळी कमी झाली असं बाई म्हणाल्या होत्या. त्यांच्या दारातून दिसतं ते हे.

मग पाणी मागे सरकत गेलं आणि चिखल उघडा पडला. तिवराची मुळं चिखलातून उभी वर येतात, पेन्सिली रोवल्यासारखी. झाड त्यांच्यातून श्वास घेतं. त्या दिवशी तिथे मुळं दिसतच नव्हती. प्रत्येक मुळावर एक पिशवी चढलेली होती. दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, चपला, थर्माकोलचे गोळे, देव्हाऱ्यातलं निर्माल्य बांधलेल्या गाठी. आणि त्याच्यावर चिखलाचा राखाडी थर, एकसारखा, हातानं लिंपल्यासारखा. एका चपलेच्या पट्ट्याखालून निवटी, चिखलात राहणारा छोटा मासा, बाहेर आली, गलफडं फुगवून क्षणभर थांबली आणि टुणकन उडी मारून दुसऱ्या पिशवीखाली गेली. वसईची मुलगी म्हणाली, “आमच्याकडे निवट्यांचं कालवण करतात.” मग ती खाली बसली आणि बराच वेळ कॅमेरा न उचलता नुसती बघत राहिली.

२०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराबाहेर दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली, तेव्हा सांडलेलं तेल ह्या तिवरांपर्यंत आलं होतं. त्याची बातमी झाली होती. रोज दोनदा भरतीबरोबर येतं त्याची बातमी होत नाही.

वर्गात क्वचित बोलणारा एक मुलगा चिखलाच्या कडेनं, पाय बुडणार नाहीत इतपत आत गेला होता. त्यानं काठीनं एक पिशवी ओढली, बाटलीतल्या पाण्यानं धुतली, वहीचा कोरा कागद खडकावर पसरला आणि पिशवी त्याच्यावर ठेवून सरळ वरून फोटो काढला. मग दुसरी. मी जवळ जाऊन पाहिलं तर तो फक्त छापील पत्ता असलेल्या पिशव्या उचलत होता. साड्यांचं दुकान, घाटकोपर. मिठाईवाला, वाशी. केमिस्ट, ऐरोली. फरसाण, शिवडी. प्रत्येक वेळी तेच अंतर, तोच कागद, तीच सावली. अकरा पिशव्या झाल्या. त्यांत घारापुरीचा एकही पत्ता नव्हता.

कोणी काही सुचवलं नव्हतं. बाकीची मुलं येऊन त्याला पिशव्या धुऊन द्यायला लागली. चेंबूरचा मुलगा कागदाच्या कडा धरून बसला, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

लाँच चुकू नये म्हणून साडेचारला मी सगळ्यांना अक्षरशः ओढून परत आणलं. धुतलेल्या पिशव्या आम्ही पोत्यात भरून बरोबर घेतल्या. पायऱ्यांच्या तळाशी बाई दुकान आवरून खाली आल्या होत्या. पोतं बघून त्यांनी विचारलं, “हे कशाला नेता?” मुलगा म्हणाला, “पत्ते आहेत ना त्यांच्यावर. परत देऊन येतो.” त्या हसल्या, पण तो खरंच बोलत होता. पुढच्या आठवड्यात अकरापैकी तीन दुकानांत तो जाऊन आला. दोघांनी त्याला हाकललं. शिवडीच्या फरसाणवाल्यानं बसवून चहा दिला आणि पिशवी ठेवून घेतली.

वर्गात फोटो लावले तेव्हा ‘अतिक्रमण’ हा शब्द कुठेच नव्हता. दुकानांच्या रांगेचा तो फोटो मुलानं स्वतःच काढून टाकला होता. त्याच्या जागी मीटर होता, खाली एक ओळ, ‘वीज, २०१८ पासून’. प्रकल्पाचं वर्णन मी नव्यानं लिहिलं. त्यात आता कचरा हा शब्द नाही, आणि एक अट जास्तीची आहे: एकच जागा किमान दोनदा, भरतीला आणि ओहोटीला.

वसईच्या मुलीला तेवढ्यानं समाधान नव्हतं. तिनं पुन्हा हिशेब मांडला. १० मार्च, रविवार, अमावस्या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी एकनंतर मुळं उघडी. तिघंजण आणि मी परत गेलो. पहिल्या वेळचा फोटो तिनं मोबाइलवर उघडून धरला आणि तेच तिवर, तोच खडक, तीच चौकट जुळवली. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही तेवढा तुकडा साफ करून गेलो होतो.

मुळं पुन्हा झाकलेली होती. पिशव्या नव्या होत्या. तिनं पहिली उचलली, धुतली आणि पत्ता वाचून दाखवला. मुलुंड.