आमची वाटचाल : वडापच्या जीपपासून जुन्या सफारीपर्यंत

आमच्या वर्कशॉपच्या दारात एक ऐरण आहे. तिच्यावर आता कुणी घण घालत नाही, आलेली माणसं चहाचा कप ठेवतात. पण घर चाललं ते तिच्यावर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आबांनी भाड्याच्या गाळ्यात भाता टाकला तेव्हा काम एकच होतं, पाट्यांचं, म्हणजे गाडीला उचलून धरणाऱ्या बाकदार लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचं. ट्रकचे पाटे, उसाच्या ट्रॉलीचे पाटे आणि सगळ्यात जास्त वडापच्या जीपचे.

ज्यांनी वडाप पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कमांडर नाहीतर ट्रॅक्स, कंपनीनं जेवढी माणसं धरून बनवली त्याच्या दुप्पट आत, टपावर भाजीची डालगी, मागच्या पायरीवर लोंबकळणारा पोरगा. ही गाडी पाटा मोडून यायची आणि मालक गाडीतून उतरायच्या आधीच ओरडायचा, "आबा, एक जादा घाला, बसली नाही पायजे!" आबा घालायचे. त्या गाडीला ते बरोबरच होतं, कारण ती रिकामी कधी धावतच नव्हती.

माझी शाळा तीच. पाटा भट्टीत लाल करायचा, फर्म्यावर धरून बाक द्यायचा, तेलात सोडायचा, मग परत मंद आचेवर धरून त्याचा ठिसूळपणा काढायचा. तेलात सोडायची वेळ आबा रंगावरून ठरवायचे, आणि उन्हात रंग कळत नाही म्हणून भट्टीच्या बाजूला पोत्याचा पडदा लावलेला असायचा. थंड पाटाच घणानं ठोकून बाक देणारेही होते. ते स्वस्त आणि तासाभरात व्हायचं. तसा पाटा चार महिन्यांत परत बसतो, म्हणजे त्याचा बाक जातो. मग तेच गिऱ्हाईक आमच्याकडं यायचं, त्यामुळं आम्ही त्या लोकांना कधी वाईट बोललो नाही.

पुढं वडाप कमी झालं, ट्रकवाले तयार पाट्यांचे सेट विकत घ्यायला लागले. दोन वर्षं अशी गेली की मी गाळा सोडून एखाद्या फाउंड्रीत नोकरी धरायचं जवळजवळ ठरवलं होतं. त्याच सुमारास एक डॉक्टर जुनी जिप्सी घेऊन आले.

मारुतीनं १९८५ मध्ये आणलेली ही गाडी. चारही कोपऱ्यांना पाटे, पुढं-मागं दोन्हीकडं अखंड अॅक्सल, वजन जेमतेम हजार किलो. डॉक्टरांची जिप्सी उजवीकडं कलली होती. "सरळ करा, आणि जमलं तर थोडी उंच पण," म्हणाले. वडापच्या जीपवर हात बसलेला माणूस काय करणार? चारही सेटमध्ये एकेक जादा पाटा घातला आणि शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चॅसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या, दोन-दोन इंच लांब करून लावल्या. (दोन इंच लांब शॅकलनं गाडी एकच इंच उठते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं. एवढं मला तेव्हाही ठाऊक होतं. बाकीचं नव्हतं.) गाडी दिसायला झकास झाली. मी फोटो काढून दुकानात लावला.

महिन्याभरात डॉक्टर गगनबावड्याला जाऊन आले ते सरळ गाळ्यावर. "तुम्ही माझी गाडी सरळ केलीत, पण मणके वाकडे केलेत." स्टिअरिंग सोडलं की स्वतःहून सरळ येत नव्हतं, गाडी रस्ताभर इकडंतिकडं हुंगत चालायची. जिप्सीची पुढची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते. ती लांब केली की पाटा पुढून खाली झुकतो, त्याच्याबरोबर अॅक्सलही पुढं फिरतो आणि कॅस्टर कमी होतो, म्हणजे स्टिअरिंगला आपोआप सरळ आणणारा चाकाचा तिरपेपणा. मागची बाजू तर बारक्या दगडावरूनही उडायची. हजार किलोच्या गाडीला आम्ही वडापचे पाय बसवले होते.

मी गाडी दोन दिवस ठेवून घेतली. जादा पाटे काढले, जुन्या शॅकल परत लावल्या आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं, जुना सेट पूर्ण उघडला. उजव्या मागच्या सेटमधला दुसरा पाटा सेंटर बोल्टपाशी मोडलेला होता. यू-क्लॅम्पच्या खाली असल्यामुळं बाहेरून दिसत नव्हता. शिवाय शॅकलच्या जोडातले बुश, म्हणजे रबरी नळ्या, झिजून गेलेले. गाडी कलायचं सगळं कारण तेवढंच होतं. एक पाटा, आठ बुश, आणि बाकीच्या पाट्यांना भट्टीत घालून पुन्हा बाक. पैसे घेतले नाहीत. फोटो त्याच दिवशी उतरवला.

त्या गाडीनं आमचा धंदा बदलला. तोवर आम्ही "किती उंच करायची?" विचारायचो. तेव्हापासून "का बसली?" विचारतो.

आमच्याकडं मोजमाप कसं होतं ते सांगतो, कारण निम्मं काम त्यातच असतं. सपाट फरशीवर गाडी, चारही चाकांत सारखी हवा, टाकी अर्धी. ड्रायव्हरच्या सीटवर मालक स्वतः, किंवा त्याच्या वजनाइतकी वाळूची पोती. उजव्या हाताला बसून चालवायच्या गाड्या, त्यातल्या बऱ्याच वर्षानुवर्षं एकट्या माणसानं चालवलेल्या, त्यामुळं उजवी बाजू आधी बसते. मग गाडी चार वेळा दाबून सोडायची, म्हणजे अडकलेले बुश मोकळे होतात. माप जमिनीपासून घ्यायचं नाही. टायर झिजलेला असेल तर ते खोटं येतं. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यायचं. मडगार्ड डेंटिंग करून वाकडं बसवलेलं असू शकतं, म्हणून चॅसिसपासून अॅक्सलपर्यंतचं मापही घेतो. दोन्ही जुळली तरच कागदावर लिहायचं.

यानंतर काटा. उसाच्या गाड्या तोलतात त्या काट्यावर आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं. एक थार आली होती, कंपनीनं २०१० मध्ये आणलेल्या मॉडेलमधली. पुढं टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारी पिळाची सळई, मागं पाटे. मालकाला पुढून दोन इंच उठवून हवी होती. पुढं लोखंडी बंपर, त्यावर विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढून काढायचं यंत्र), त्याखाली जाड पत्र्याची प्लेट. त्यानं बंपर-विंच उतरवून परत तोललं तेव्हा पुढच्या अॅक्सलवर शंभर किलोच्या आसपास फरक निघाला. म्हणजे एक धडधाकट माणूस कायमचा बॉनेटवर बसवलेला. मी विचारलं, "भाऊ, विंच वर्षात किती वेळा लागते?" तो हसला. एकदाही लागली नव्हती. विंच घरी गेली, बंपर राहिला, गाडी निम्मी तिथंच उठली. त्या दिवशी आमची कमाई मोजणीपुरती. पण त्यानं पुढं चार मित्र पाठवले.

सगळ्यात जास्त शिकवलं ते आजऱ्याच्या एका काजूवाल्या काकांच्या सफारीनं. जुनी सफारी, १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या घडणीतली, फोर बाय फोर. मागून इतकी बसलेली की रात्री समोरचे लोक शिव्या घालायचे, कारण हेडलाइट आभाळाकडं. पुढून मात्र गाडी चढलेली. काका म्हणाले, "एका मिस्त्रीनं दहा मिनिटांत केलं. तेव्हापासून खड्ड्यात धाडधाड वाजते."

दहा मिनिटांत होतं खरं. या सफारीला पुढं पाटेही नाहीत, कॉइल म्हणजे गोल वळवलेल्या तारेची स्प्रिंगही नाही. चॅसिसच्या बाजूनं लांब सळई असते. चाक वर गेलं की ती पिळली जाते आणि पीळ सोडवायला बघते, तीच स्प्रिंग. सळईच्या टोकाच्या चावीला एक बोल्ट असतो, तो आवळला की गाडी पुढून उठते. लोकांना वाटतं स्प्रिंग कडक झाली. सळई तेवढीच मऊ राहते, फक्त गाडी वरच्या जागेवर उभी राहते. मग चाकाला खाली जायला जागा उरत नाही. खड्डा आला की चाक उतरायच्या ऐवजी चाक धरणारा आर्म शेवटच्या स्टॉपवर आपटतो, आणि काकांना ऐकू येत होतं ते तेच. वर फोर बाय फोरच्या जॉइंटचा कोन वाढलेला, एका बाजूचा रबरी बूट फाटून ग्रीस आर्मवर उडालेलं.

मागचं दुखणं वेगळं होतं. कॉइल थकल्या होत्या, कारण हंगामात काजूची पोती त्याच गाडीतून जायची. काकांना जाड तारेच्या कॉइल हव्या होत्या. मी त्यांना कागदावर दाखवलं. पाट्याची जाडी ६ मिलिमीटरची ७ केली तरी तो जवळजवळ ६० टक्के ताठ होतो. कॉइलची तार तर जाडीच्या चौथ्या घातानं ताठ होते. हंगामाचे दोन महिने बरं वाटेल, उरलेले दहा महिने मागच्या सीटवर कोण बसणार? "आई," काका म्हणाले. आईंचं वय पंच्याहत्तर. शिवाय त्यांना चढायला पायरी उंच नको. कॉइल कंपनीच्या मापाच्याच बसल्या आणि पोत्यांसाठी टेम्पो ठरला.

पुढचा बोल्ट आम्ही मोजून मागं घेतला. पुढून गाडी खाली आणून ती मागून उठवणं, म्हणजे एका जागी कमी आणि दुसऱ्या जागी जास्त, हे काकांना पटायला एक चहा लागला. सगळे आर्म आणि मागचा आडवा रॉड यांचे बुश नवे घातले, पण बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी चाकांवर उभी करून. जॅकवर लोंबकळत्या अॅक्सलनं आवळले तर बुशचं रबर गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं. ही चूक मी नावाजलेल्या ठिकाणीही पाहिली आहे.

राहिला ब्रेक. काकांची दुसरी तक्रार होती, पावसात ब्रेक मारला की रिकामी गाडी मागून घसरते. मागच्या अॅक्सलपासून एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी जाते. अॅक्सल आणि बॉडी यांच्यातलं अंतर बघून तो व्हॉल्व्ह गाडी भरली की रिकामी ते ठरवतो. कॉइल बसल्या की त्याला गाडी कायम भरलेली वाटते. तो मागच्या चाकांना पूर्ण दाब सोडतो आणि ओल्या घाटात चाकं जाम होतात. उलट कुणी गाडी उंच करून दांडी तशीच ठेवली, तर त्याला ती कायम रिकामी वाटणार आणि भरल्या गाडीला मागून ब्रेक कमी पडणार. नव्या उंचीला दांडी परत लावली, मग अलाइनमेंट, मग हेडलाइट. पाच दिवस गेले. आईंना घेऊन काका पुढच्या महिन्यात परत आले, फक्त दाखवायला.

गाडी उंच करून द्या म्हणणारे अजून येतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळं आम्ही गाडी तिच्या मूळ उंचीला आणतो, तिथंच थांबतो. कॉइलवर पॅकिंग, पाट्याखाली ठोकळे आम्ही ठेवतच नाही. नाराज होऊन गेलेली गिऱ्हाइकं बरीच. त्यातली काही परत आली, सगळी नाही.

आज आम्ही पाच जण. पतसंस्थेच्या कर्जातून प्रेस घेतला, त्याचे हप्ते मागच्या वर्षी फिटले. भट्टी गॅसवर गेली. भिंतीवर पाटी आहे, मीच रंगवून घेतलेली : "आधी हवा, मग काटा, मग पाना."

मागच्या आठवड्यात एक जिप्सी पूर्ण करून फरशीवर घेतली. नवे बुश, भट्टीतून काढलेले पाटे, मालक सीटवर. मी आणि पोरांनी दोनदा मोजलं, मापं जुळत होती, तरी डावी मागची बाजू नजरेला खालीच दिसायची. परत सेट उघडायचा म्हणून मी पाना हातात घेतला. आबा ऐरणीपाशी खुर्ची टाकून बसले होते. आता दिसायला कमी झालंय, पण म्हणाले, "डावी मागली दोन सूत खाली हाय."

"तेच बघतोय आबा."

"हवा बघितलीस?"

गेज लावला. बाकीच्या तिन्हीत २६, त्या चाकात १९. पोरं पाटीकडं बघायला लागली. मी कॉम्प्रेसरची नळी ओढली, आणि आबांनी ऐरणीवरचा कप उचलून चहा गार झाला म्हणून कुरकुर सुरू केली.