साखर देण्याआधी रक्त घ्यायला हवे होते

माझी आई पहाटे माणसे ओळखेनाशी होई, असंबद्ध बोले, कधी विनाकारण चिडे, आणि गोड चहा पोटात गेला की काही वेळाने पूर्ववत होई. मधले तिला काहीच आठवत नसे. आधी फिट म्हणून अपस्माराच्या गोळ्या झाल्या, त्यांचा उपयोग होईना तेव्हा मानसोपचार सुरू झाले. एकादशीचा कडक उपवास केला की द्वादशीच्या पहाटे हा त्रास हमखास होतो, हे वहिनीच्या लक्षात आले. तिने बाबांच्या ग्लुकोमीटरवर आईची शुगर पाहिली, ती ३८, म्हणजे फारच कमी, निघाली आणि आम्ही एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञांकडे, पोहोचलो.

स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणारी गाठ, म्हणजे इन्सुलिनोमा, असण्याची शंका त्यांनी पहिल्याच भेटीत बोलून दाखवली. हा आजार दहा लाखांत वर्षाला मोजक्याच लोकांना होतो आणि मेंदूला साखर कमी पडल्यामुळे तो फिट किंवा वेडासारखा दिसतो. शुगर कमी असताना लक्षणे दिसणे, त्याच वेळी रक्तात ती खरोखर कमी आढळणे आणि साखर दिल्यावर लक्षणे जाणे, ही व्हिपल या शल्यचिकित्सकांच्या नावाची त्रिसूत्री आईच्या बाबतीत तंतोतंत लागू होती. तरीही पुरावा हवा होता, आणि तो मिळवण्यासाठी रुग्णालयात दाखल करून जास्तीत जास्त ७२ तासांची उपाशी चाचणी करायची होती.

आमचे सगळे अडले ते इथे. या चाचणीत पाणी चालते, रुग्णाला जागेपणी हिंडते-फिरते ठेवतात आणि शुगर ५५च्या खाली जाऊन लक्षणे दिसू लागली की त्याच क्षणी ग्लुकोज, इन्सुलिन, सी-पेप्टाइड (शरीर इन्सुलिन बनवताना सोबत तयार होणारा घटक) आणि प्रोइन्सुलिन (इन्सुलिनचे आधीचे रूप) यांसाठी रक्त घेतात. शुगर उतरल्यावर निरोगी शरीर इन्सुलिन थांबवते. गाठ मात्र ते सोडतच राहते, आणि ही विसंगती केवळ त्या काही मिनिटांच्या रक्तात सापडते. दुसऱ्या रात्री आई बरळू लागली, बोटावरची शुगर ४१ आली, आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांनी नमुना न घेताच शिरेतून ग्लुकोज दिले. मी हात जोडून आधी रक्त घ्या म्हणत होते, सूचना फाइलवर लिहिलेली होती, पण ती फाइल वॉर्डातल्या टेबलावर होती आणि रात्री ती कोणीही उघडली नव्हती. तिला साखर देणे आवश्यकच होते, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु सिरिंज भरायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात रक्तही घेता आले असते. सकाळी ‘चाचणी अनिर्णित’ असा शेरा मिळाला, खाट सोडावी लागली, पुन्हा जागा मिळेपर्यंत थांबावे लागले, आणि त्या काळात आईला आम्ही मध्यरात्री उठवून खायला घालत होतो. आजही तो शेरा वाचला की मला संताप येतो.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे की चाचणीच्या प्रत्येक पाळीला, विशेषतः रात्री, कर्तव्यावरील डॉक्टरांना स्वतः भेटून ‘आधी नमुना, मग ग्लुकोज’ हे सांगावे आणि नळ्या नाव लिहून खाटेजवळ तयार ठेवण्याची विनंती करावी. नातेवाईक अतिशहाणा ठरला तरी चालेल. दुसऱ्या खेपेस आम्ही हेच केले आणि चाचणी पहिल्याच रात्री निर्णायक ठरली: शुगर तळाला, तरी इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड दोन्ही चढे.

सीटी स्कॅनमध्ये काही दिसले नाही, एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये (तोंडावाटे दुर्बीण घालून केलेल्या सोनोग्राफीत) मात्र दीड सेंटिमीटरची गाठ सापडली. अशा बहुतेक गाठी दोन सेंटिमीटरहून लहान आणि साध्या, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या, असतात. शस्त्रक्रियेनंतर आईची पहाट शांत आहे.

एक गोष्ट वर राहून गेली. घरात कोणाच्या मधुमेहाच्या गोळ्या असतील तर त्याच नमुन्यात सल्फोनिलयुरिया (इन्सुलिन वाढवणारे मधुमेहाचे औषध) तपासून घ्यावे, कारण त्या गोळ्या चुकून पोटात गेल्या तरी इन्सुलिन आणि सी-पेप्टाइडचे आकडे असेच दिसतात. आणि निदान झाले म्हणून अपस्माराच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आईच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत आणल्या.